गिरणीगावाचा संघ : डार्वेन फुटबॉल क्लबची पहिली तीस वर्षे

कापसाचे नाते

डार्वेन हे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले गिरण्यांचे गाव. ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला पाचेक मैलांवर, माळरानाच्या दोन चढांमधल्या अरुंद खोऱ्यात वसलेले. १८८०च्या सुमारास तिथली वस्ती तीस हजारांच्या आतबाहेर होती आणि घरटी कुणी ना कुणी सूतगिरणीत किंवा मागावर कामाला जात असे. या गावाने १८७० मध्ये फुटबॉल क्लब काढला. नऊच वर्षांनी त्या क्लबने लंडनच्या मैदानावर इंग्लंडच्या सर्वांत मानाच्या संघाला घाम फोडला. फुटबॉल हा बड्या घरच्या शाळांमधला खेळ कामकरी माणसाचा झाला, त्या वाटचालीत डार्वेनचे नाव अगदी आरंभी येते.

वर्ध्यात निघणाऱ्या क्रीडा स्मरणिकेत या क्लबची हकीकत यावी, याला कारण कापसाचे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरला येणारी अमेरिकन रुई आटली. गिरण्या बंद पडल्या, कामगारांच्या घरातल्या चुली थंडावल्या. इंग्रज व्यापाऱ्यांची नजर तेव्हा नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. हिंगणघाटची रुई तिच्या प्रतीसाठी आधीपासून नावाजलेली होतीच. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा फाटा वर्धा ओलांडून नागपूरला पोहोचला. कापूस बंदरापर्यंत वेगाने नेणे हा त्या रुळांमागचा मोठा हेतू होता.

त्याच सुमारास डार्वेनमध्ये एक्लेस शॉरॉक या गिरणीमालकाने उभारलेल्या प्रचंड गिरणीचे धुरांडे पुरे होत होते. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातल्या घंटाघराच्या धर्तीवर बांधलेले ते धुरांडे सुमारे ३०० फूट उंच आहे आणि आजही उभे आहे. गिरणीचे नाव होते ‘इंडिया मिल’. ब्लॅकबर्न-डार्वेन भागातल्या मागांवर विणली जाणारी धोतरे आणि साधे सुती कापड मुख्यतः हिंदुस्थानच्या बाजारासाठी असे. आपल्या मुलखातली रुई बोटीने जात होती, तिकडचे कापड बोटीने येत होते आणि या देवघेवीवर जगणाऱ्या माणसांनी शनिवारी दुपारी चेंडू लाथाडायला सुरुवात केली होती.

स्थापना : शनिवारची दुपार

इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांतून फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता, पण त्याला ठरीव नियम नव्हते. नियम बांधले ते ईटन, हॅरो, रग्बी यांसारख्या श्रीमंत मुलांच्या शाळांनी, आणि तेही प्रत्येकीने आपापले. डार्वेनमधल्या वॉल्श या गिरणीमालकाची मुले हॅरोला शिकत होती. सुटीत घरी आल्यावर त्यांनी गिरणीतल्या आणि गावातल्या पोरांना हॅरोच्या पद्धतीचा खेळ दाखवला. शेजारच्या टर्टन गावातही हॅरोहून परतलेल्या के घराण्यातल्या तरुणाने याच सुमारास क्लब काढला. खेळ वरच्या घरातून आला, हे डार्वेनच्या जुन्या मंडळींनी कधी नाकारले नाही. तो टिकला मात्र खालच्या आळ्यांतून.

तो टिकण्यामागे कायद्याचा हात होता. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांमधल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे पुरुषांनाही त्याच वेळी सुटी मिळू लागली. १८७४ च्या कायद्याने ही वेळ आणखी अलीकडे आणली. आठवडाभर भोंग्यावर उठणाऱ्या माणसाच्या हाती प्रथमच उजेडातले काही तास आले. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी भरतात, ती चाल इथून पडली.

आपल्याकडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कामकरी वस्त्यांमधली तालीम, कबड्डी, भजनी मंडळ, नाटक यांना त्या रविवारचा केवढा आधार झाला, हे सांगायला नको. क्लबांच्या इतिहासात संस्थापकांच्या आणि देणगीदारांच्या तसबिरी पहिल्या पानावर असतात. ज्यांनी कामगाराला मोकळी दुपार मिळवून दिली, त्यांचीही जागा त्याच पानावर आहे.

मैदान आणि नियम

डार्वेनचा संघ बार्ली बँक या मैदानावर खेळत असे. सुरुवातीच्या वर्षांत नियमांचा गोंधळ होता. कधी हॅरोचे नियम, कधी हाताने चेंडू धरण्याची मुभा देणारे, कधी पाहुण्या संघाला जे माहीत असतील ते. लंडनमध्ये १८६३ साली स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनचे नियम लँकेशायरमध्ये सावकाश पोहोचले. १८७० च्या दशकाच्या मध्यावर डार्वेनने ते स्वीकारले आणि तेव्हापासून दूरदूरच्या संघांशी खेळणे शक्य झाले. एकच नियमपुस्तक असल्याखेरीज स्पर्धा भरत नाही आणि स्पर्धा भरल्याखेरीज गावाबाहेर नाव होत नाही.

स्कॉटलंडमधून, ग्लासगोच्या शेजारच्या पार्टिक गावातून, एक संघ डार्वेनला खेळायला येऊ लागला. या पाहुण्यांनी डार्वेनकरांना खेळाची निराळी तऱ्हा दाखवली. त्या काळचा इंग्रज खेळाडू चेंडू घेऊन एकटा मुसंडी मारीत असे आणि बाकीचे सवंगडी त्याच्या मागे घोळक्याने धावत. स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांकडे देत, मैदान रुंद करीत, प्रतिस्पर्ध्याला पळवीत. धिप्पाड अंगाच्या आणि चांगल्या खाल्ल्यापिल्ल्या माणसांसमोर किरकोळ बांध्याच्या गिरणी कामगाराला उभे राहायचे असेल, तर हीच रीत उपयोगाची होती. डार्वेनने ती उचलली.

२८ सप्टेंबर १८७८ रोजी डार्वेनच्या को-ऑपरेटिव्ह हॉलमध्ये परगण्यातल्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी लँकेशायर फुटबॉल असोसिएशनची स्थापना केली. मँचेस्टर, लिव्हरपूल अशी बडी शहरे असताना परगण्याची संघटना या छोट्या गावातल्या सहकारी सभागृहात जन्माला आली, याचा डार्वेनकरांना रास्त अभिमान आहे.

१८७९ : ओव्हलवरच्या तीन लढती

एफ. ए. कप ही फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा १८७१ मध्ये सुरू झाली. पहिल्या सात वर्षांत ती वाँडरर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि रॉयल इंजिनिअर्स या तीनच संघांनी जिंकली. म्हणजे उमराव, पदवीधर आणि लष्करी अधिकारी. १८७८-७९ च्या मोसमात डार्वेनने लंडनमधल्या केनिंग्टन ओव्हलवर रेमनंट्स या संघाला हरवले आणि उपउपांत्य फेरी गाठली. तिथे गाठ पडली ती ओल्ड इटोनियन्सशी, ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी. इंग्लंडचे मंत्री, बिशप आणि सेनापती ज्या शाळेतून निघत, तिच्यासमोर गिरणीगावाचा संघ उभा राहिला.

त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे या फेरीपासूनचे सामने लंडनमध्ये ओव्हलवरच होत. लंडनच्या संघांना तो घरचा मामला होता. डार्वेनला दोनशेहून अधिक मैलांचा आगगाडीचा प्रवास करावा लागे. पहिला सामना १३ फेब्रुवारी १८७९ रोजी, गुरुवारी झाला. कामाच्या दिवशीचा खाडा म्हणजे मजुरीवर पाणी. शेवटची पंधरा मिनिटे उरली तेव्हा ओल्ड इटोनियन्सकडे ५-१ अशी आघाडी होती. मग डार्वेनचा संघ उसळला. एकापाठोपाठ एक चार गोल चढवून त्यांनी ५-५ अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळून निकाल लावावा, अशी त्यांची इच्छा होती. ओल्ड इटोनियन्सनी ती मान्य केली नाही आणि सामना पुन्हा खेळायचे ठरले, पुन्हा लंडनमध्येच.

प्रवासाचा, राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कुणी सोसायचा? डार्वेन गाव पुढे झाले. गिरण्यांमधून आणि दुकानांमधून वर्गणी फिरली आणि सुमारे १७५ पौंड जमले. त्यात फुटबॉल असोसिएशनचे १० पौंड होते आणि खुद्द ओल्ड इटोनियन्सचे ५ पौंड. बाकीची रक्कम गावाची. एका कापूसटंचाईत ज्या गावाने अन्नछत्रांपुढे रांगा पाहिल्या होत्या, त्याने दीडच दशकानंतर आपल्या अकरा जणांसाठी एवढी रास उभी केली.

८ मार्चचा दुसरा सामना जादा वेळेनंतरही २-२ असा बरोबरीत सुटला. १५ मार्चला याच लढतीसाठी तिसऱ्यांदा लंडन गाठलेला संघ थकलेला होता. ओल्ड इटोनियन्सनी तो सामना ६-२ असा जिंकला आणि पुढे त्या वर्षीचा कपही नेला. तीन लढतींमध्ये डार्वेनने त्या विजेत्या संघावर नऊ गोल केले होते. गुणफलकावर हार असली, तरी इंग्लंडभर चर्चा झाली ती डार्वेनची. कामगारांचा संघ कसाबसा तग धरतो, हा समज त्या महिन्यात निकालात निघाला.

सूटर, लव्ह आणि मोबदल्याचा प्रश्न

या संघात दोन स्कॉटिश खेळाडू होते, जेम्स लव्ह आणि फर्गस सूटर. दोघेही आधी पार्टिककडून खेळलेले. लव्ह प्रथम डार्वेनला आला, पाठोपाठ सूटर. सूटर पेशाने पाथरवट. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि त्या शहरातली बांधकामे ठप्प झाली. डार्वेनला आल्यावर सूटरने पाथरवटाचे काम फार दिवस केले नाही. इंग्लंडमधला दगड घडवायला कठीण जातो, असे त्याने कारण दिल्याचे सांगतात. मग त्याचे पोट कशावर चालते, हा प्रश्न सगळीकडे विचारला जाऊ लागला. खेळासाठी पैसे घेणे असोसिएशनच्या नियमांत बसत नव्हते. सूटरला आज जगातल्या पहिल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये गणतात.

या प्रश्नाकडे तेव्हाच्या लंडनकर मंडळींनी नैतिकतेच्या चष्म्यातून पाहिले. निखळ आनंदासाठी खेळावे, पैसा आला की खेळ बाटतो, असे ते मनापासून मानीत. ज्याच्या घरी जमिनीचे उत्पन्न येते, त्याला तसे मानणे परवडत होते. गुरुवारी लंडनला खेळायला जाणाऱ्या विणकराची मात्र मजुरी बुडत होती. खाड्याची भरपाई देणे आणि खेळण्याचा मोबदला देणे यांत रेघ कुठे ओढायची, हा वाद पुढे सहा-सात वर्षे पेटत राहिला.

लव्हची कहाणी चटका लावणारी आहे. डार्वेन सोडून त्याने थोडा काळ ब्लॅकबर्नमध्ये खेळ केला, नंतर तो लष्करी नोकरीत शिरला आणि १८८२ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर असताना तापाने दगावला. सूटर १८८० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. डार्वेनकरांना हा घाव फार लागला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन्ही संघांची ब्लॅकबर्नला गाठ पडली, तेव्हा हजारोंचा जमाव मैदानात शिरला आणि सामना अर्धवट राहिला. सूटरने पुढे रोव्हर्सकडून १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीन वेळा एफ. ए. कप जिंकला.

भरभराट

सूटर गेला तरी डार्वेन खचले नाही. तो जाण्याआधी, १८७९-८० मध्ये, लँकेशायरच्या परगणा चषकाचा पहिलाच मान त्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्सला हरवून मिळवला होता. १८८०-८१ च्या एफ. ए. कपात त्यांनी रॉमफर्डवर १५-० असा विजय मिळवून उपांत्य फेरी गाठली. तिथे ओल्ड कार्थुशियन्सकडून ४-१ अशी हार झाली आणि त्याच संघाने कप जिंकला. थॉमस मार्शल, थॉमस ब्रिंडल आणि थर्स्टन रोस्ट्रन हे डार्वेनचे खेळाडू १८८०-८१ च्या काळात इंग्लंडच्या संघात निवडले गेले. रोस्ट्रन तेव्हा अजून विशीतही पोहोचला नव्हता.

डार्वेनने जी वाट पाडली, तिच्यावरून शेजारच्यांनी मुक्काम गाठला. ३१ मार्च १८८३ रोजी ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने ओव्हलवर त्याच ओल्ड इटोनियन्सना जादा वेळेत २-१ असे हरवून एफ. ए. कप जिंकला. त्या संघात विणकर होते, सूत कातणारे होते, नळकारागीर होता. त्या दिवसानंतर शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला तो कप पुन्हा कधी मिळाला नाही. आपल्याकडे १९११ मध्ये मोहन बागानने, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली, तेव्हा कलकत्त्याच्या रस्त्यांवर जो आनंद लोटला, त्याची जातकुळी हीच.

पैशाचा काळ आणि उतरण

जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी सहा लँकेशायरचे होते : अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन नॉर्थ एंड. डार्वेनला त्यात जागा मिळाली नाही. ती १८९१ मध्ये मिळाली, लीगचे संघ बारावरून चौदा झाले तेव्हा.

एव्हाना खेळाचे गणित बदलले होते. खेळाडूंचा पगार तिकिटांच्या उत्पन्नातून निघत होता आणि उत्पन्न वस्तीवर अवलंबून होते. ब्लॅकबर्न आणि बोल्टन ही मोठी शहरे हाकेच्या अंतरावर, तिथले क्लब सधन. डार्वेनचा चांगला खेळाडू तयार होताच तिकडून बोलावणे येई. पहिल्याच लीग मोसमात, एप्रिल १८९२ मध्ये, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्यांना १२-० असे हरवले. संघ तळाला राहून दुसऱ्या विभागात गेला. पुढच्याच वर्षी नॉट्स काउंटीला चाचणी सामन्यात ३-२ असे हरवून तो पुन्हा वर चढला, हेही नोंदवायला हवे. पण ते यश एकाच मोसमाचे ठरले.

१८९८-९९ चा मोसम अखेरचा ठरला. लागोपाठ १८ सामने गमावले, ३४ सामन्यांत १४१ गोल अंगावर घेतले. लीगच्या इतिहासातले हे नकोसे विक्रम आहेत. तरीही प्रत्येक सामन्याला डार्वेनचा संघ मैदानात उतरला, हे मला या आकड्यांहून मोठे वाटते. त्या मोसमानंतर क्लबने लीग सोडली, बार्ली बँक सोडले आणि अँकर ग्राउंड या नव्या मैदानावर परगण्याच्या स्पर्धांमध्ये खेळायला सुरुवात केली. तिथे तो शंभरहून अधिक वर्षे खेळत राहिला. २००९ मध्ये जुनी संस्था कायद्याने विसर्जित झाली, आणि गावकऱ्यांनी ए. एफ. सी. डार्वेन या नावाने नवा क्लब काढून खेळ चालू ठेवला.

गांधीजी डार्वेनमध्ये

वर्धा आणि डार्वेन यांच्यामध्ये आणखी एक धागा आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी १९३१ मध्ये लंडनला गेले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने लँकेशायरच्या गिरण्यांवर काय ओढवले, ते पाहण्यासाठी डार्वेनच्या डेव्हिस या गिरणीमालक कुटुंबाने त्यांना बोलावले. २५ सप्टेंबरच्या रात्री ते डार्वेनच्या स्प्रिंग व्हेल भागात उतरले. दुसऱ्या दिवशी ग्रीनफिल्ड मिलमधल्या कामगार स्त्रियांनी त्यांच्याभोवती कोंडाळे केले आणि हात उंचावून जयघोष केला. ते छायाचित्र जगभर गेले. त्यातल्या कितीतरी जणींवर बेकारीचे सावट होते. गांधीजींनी त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि हिंदुस्थानच्या खेड्यांतली त्याहून खोल बेकारीही त्यांना समजावून सांगितली. तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला राहायला आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. ज्या माणसाच्या चरख्याने डार्वेनचे माग थंडावले, त्याचे डार्वेनच्या कामगारांनी प्रेमाने स्वागत केले. श्रमाने जगणाऱ्यांना परस्परांचे दुःख ओळखू येते. दूरवरून पुन्हापुन्हा लंडन गाठणाऱ्या संघामागे उभे राहणारे गाव याच मनाचे होते.

आपल्या संस्थांसाठी

डार्वेनच्या क्लबला आज जगात फारसे कुणी ओळखत नाही. २०२० मध्ये आलेल्या ‘द इंग्लिश गेम’ या मालिकेमुळे काही तरुणांना सूटरचे नाव कळले, एवढेच. पण या तीस वर्षांतून वर्धा जिल्ह्यातल्या क्रीडा मंडळांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, खेळाडूचा वेळ ही संस्थेची खरी ठेव. जिनिंगमध्ये रोजंदारी करणारा, बाजार समितीत पोती उचलणारा, शेतातून थेट सरावाला येणारा मुलगा खेळावा असे वाटत असेल, तर सामन्याच्या दिवशीच्या त्याच्या मजुरीची तजवीज मंडळाने करावी. १८७९ मध्ये डार्वेनने ती केली होती.

दुसरी, वर्गणी. एका धनवंताच्या देणगीवर उभी राहिलेली संस्था त्याच्या मर्जीवर चालते. घराघरांतून आलेल्या दहा-वीस रुपयांवर उभी राहिलेली संस्था गावाची होते, आणि हरल्यावरही गाव तिला सोडत नाही. विदर्भातले मोठे उदाहरण म्हणजे १९१४ मध्ये अमरावतीत सुरू झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. एका आखाड्यातून ते केवढे वाढले, हे आपण जाणतो.

तिसरी, दप्तर. डार्वेनचे सामने, गोल, जमलेले पौंड आणि भरलेली सभा हे सगळे आज सांगता येते, कारण कुणीतरी ते त्या त्या दिवशी लिहून ठेवले. आपल्या जिल्ह्यात हिंगणघाट आणि पुलगावच्या गिरण्यांच्या आवारात, रेल्वेच्या वसाहतीत, शाळांच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या खेळ झाला. त्याची पावतीपुस्तके, इतिवृत्ते, संघांची छायाचित्रे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडून असतील. ती मंडळांनी मागून घ्यावीत, त्यांच्या प्रती कराव्यात, छायाचित्रांमागे नावे लिहावीत. ज्येष्ठ खेळाडू हयात आहेत तोवर त्यांच्याकडून हकीकती उतरवून घ्याव्यात. पुढच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला डार्वेनकडे जावे लागू नये. त्याला वर्ध्याचाच इतिहास, तारखांसह आणि नावानिशी, हाताशी मिळावा.